गोष्ट सांगा, पण ती कुणी पाहिली तेही सांगा

इतिहासावर व्याख्यानं देणाऱ्या, सदरं लिहिणाऱ्या, पॉडकास्ट आणि व्हिडिओ करणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यामुळे इतिहास पुन्हा लोकांच्या बोलण्यात आला आहे. शाळा सुटल्यानंतर ज्यांनी इतिहासाचं एक पान उलटलं नव्हतं, ती माणसं आज अशोकावर, ट्रॉयच्या युद्धावर, पानिपतावर हिरिरीने वाद घालतात. अभिजात साहित्याच्या वाटेला कधी न गेलेली मुलं गिल्गमेशची गोष्ट एकमेकांना सांगतात. हे तुमच्या कष्टांचं फळ आहे आणि त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. तरीही या पत्रात एक तक्रार आहे आणि ती मी आडपडदा न ठेवता मांडणार आहे.

तुम्ही गोष्ट सांगता, पण ती कुणी पाहिली, कुणी लिहून ठेवली, किती वर्षांनी लिहिली आणि आपल्यापर्यंत कशी पोचली, हे सांगत नाही. प्रसंग जणू काल आपल्या डोळ्यांदेखत घडला अशा थाटात सुरू होतो आणि टाळ्यांवर संपतो. राजाच्या मनात काय चाललं होतं ते कळतं, राणी त्या रात्री काय म्हणाली तेही कळतं. ही माहिती दिली कुणी, एवढंच कळत नाही. अशा तपशिलाने रंगाचा बेरंग होईल अशी भीती तुम्हाला वाटत असावी. माझा अनुभव नेमका उलटा आहे. गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी, हा भाग बहुतेक वेळा मूळ गोष्टीइतकाच चित्तवेधक असतो आणि तुम्ही नेमका तोच कापून टाकता.

हेरोडोटसचंच घ्या. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या या ग्रीक लेखकाने एक हकीकत दिली आहे. इजिप्तचा राजा नेको याने फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे पाठवलं आणि लिबियाला, म्हणजे आफ्रिकेला, वळसा घालून भूमध्य समुद्रातून परत यायला सांगितलं. खलाशी निघाले. शरद ऋतू आला की ते किनाऱ्यावर उतरत, धान्य पेरत, पीक हाती येईपर्यंत थांबत आणि कापणी करून पुढे निघत. असं करत तिसऱ्या वर्षी ते इजिप्तला परतले. आल्यावर त्यांनी सांगितलं की लिबियाला वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हेरोडोटस लिहितो, माझा काही यावर विश्वास नाही, दुसऱ्या कुणाचा बसला तर बसो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला उत्तर येते. विषुववृत्त ओलांडून इतकं खाली गेल्यावर दुपारचा सूर्य उत्तरेलाच दिसणार. भूमध्य समुद्राच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाला हे अशक्य वाटलं, कारण त्याने तो कायम दक्षिणेला झुकलेला पाहिला होता. ज्या वाक्यामुळे हेरोडोटसला खलाशी थापा मारताहेत असं वाटलं, त्याच वाक्यामुळे आज अनेक अभ्यासकांना ती सफर खरोखर झाली असावी असं वाटतं. त्याने न पटणारं वाक्य गाळून हकीकत गुळगुळीत केली असती, तर आपल्या हाती नुसती एक दंतकथा उरली असती. लोक जे सांगतात ते सांगणं माझं काम आहे, ते सगळं खरं मानायला मी बांधलेला नाही, असं त्याने दुसऱ्या एका ठिकाणी स्पष्टच लिहिलं आहे. ही हकीकत मी तुमच्यापैकी काहींच्या तोंडून ऐकली. प्रत्येक वेळी सफर होती, वादळं होती, धाडस होतं. हेरोडोटसचा अविश्वास मात्र कुठेच नव्हता, आणि सूर्यही नव्हता.

दुसरं उदाहरण जॉर्ज स्मिथचं. लंडनमध्ये नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरण्याचं काम शिकलेला हा माणूस चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाई आणि प्राचीन असीरियाच्या राजधानीतून, निनेव्हेहून, आणलेल्या अक्षरं कोरलेल्या मातीच्या विटा न्याहाळत बसे. असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या त्या विटा. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये निनेव्हे पडलं, जळालं. कागद असता तर राख झाली असती, पण मातीच्या विटा आगीत भाजून आणखी पक्क्या झाल्या आणि अडीच हजार वर्षं ढिगाऱ्याखाली टिकल्या. कीलाक्षरी लिपी स्मिथ स्वतःच्या हिमतीवर शिकला आणि म्युझियमने त्याला कामावर घेतलं. १८७२ मध्ये एका फुटक्या विटेवर त्याला ओळी दिसल्या : जहाज डोंगरावर टेकलं, कबुतर सोडलं, त्याला बसायला जागा मिळाली नाही, ते परत आलं. गिल्गमेशच्या काव्यातली महापुराची ही कथा बायबलबाहेर, बायबलपेक्षा जुन्या मजकुरात, त्याच्या पुढ्यात होती. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने ती जाहीर सभेत वाचून दाखवली. पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते.

ही गोष्ट तुम्ही सांगता तेव्हा एक प्रसंग हमखास येतो. स्मिथला इतका हर्ष झाला की तो खोलीत उड्या मारू लागला आणि अंगावरचे कपडे काढू लागला. श्रोते हसतात. पण हे पाहिलं कुणी? ही आठवण छापली वॉलिस बज याने, १९२५ साली, म्हणजे घटनेनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर. बज म्युझियमच्या नोकरीत लागला १८८३ मध्ये आणि स्मिथ तर १८७६ मध्येच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मोहिमेवर असताना अलेप्पोत वारला होता. स्मिथने आपल्या शोधाची हकीकत स्वतः लिहिली आहे, तिच्यात डोंगर आहे, कबुतर आहे, कपड्यांचं नाव नाही. म्युझियममधल्या जुन्या सहकाऱ्यांकडून बजने ती ऐकली असेल, खरीही असेल. माझा आग्रह एवढाच की "बज सांगतो" हे दोन शब्द तोंडून निघावेत.

त्याच माणसाचा एक पक्का किस्सा मात्र तुमच्याकडून राहून जातो. वाचनानंतर 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्राने एक हजार गिनी खर्चून त्याला निनेव्हेला धाडलं, विटेचा हरवलेला तुकडा शोधायला. एवढ्या अवाढव्य ढिगाऱ्यात एक तुकडा! खोदकाम सुरू करून जेमतेम आठवडा झाला आणि स्मिथच्या हाती महापुराच्या कथेचा तुकडा लागला. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आलं की तो गिल्गमेशचा नव्हताच, अत्रहसिस या दुसऱ्याच जुन्या काव्याचा होता. एक शोधायला गेलेल्या माणसाला महापुराची दुसरी कथा सापडली आणि ते कळायच्या आत तो गेला. हे सगळं कागदोपत्री आहे. कपड्यांच्या किश्शापेक्षा यात काय कमी आहे?

काही उदाहरणं पटकन सांगून पुढे जातो. "पाव नसेल तर केक खा" हे वाक्य फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या तोंडी घातलं जातं. रूसोने आपल्या आत्मचरित्रात ते "एका थोर राजकन्येचं" म्हणून नाव न घेता दिलं आहे आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात होती, फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती. १६३३ मध्ये शपथपूर्वक माघार घेतल्यावर गॅलिलिओ "तरीही ती फिरतेच" असं पुटपुटला म्हणतात, पण ते वाक्य छापून आलेलं दिसतं १७५७ मध्ये.

या दोन्हींनी फारसं कुणाचं बिघडत नाही. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचं तसं नाही. खलिफा उमरने ती पुस्तकं हमामखान्यांच्या भट्टीत घालायला सांगितली, ही गोष्ट अजून छातीठोकपणे सांगितली जाते. अरबांनी अलेक्झांड्रिया घेतलं सातव्या शतकात आणि ही कथा लिखाणात दिसू लागते १२०० च्या सुमारास, साडेपाचशे वर्षांनंतर. मधल्या काळातल्या इतिहासकारांना तिचा पत्ता नाही. उलट ज्युलियस सीझरने बंदरात लावलेल्या आगीत ग्रंथ जळाल्याचं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं आहे. ते ग्रंथालय एका रात्रीत संपलं नाही, त्याची शतकानुशतकं हेळसांड होत गेली, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. असा किस्सा बिनासाक्षीचा फिरतो तेव्हा अख्ख्या समाजाच्या माथी ठपका बसतो. इथे मला तुमचा राग येतो, हे लपवत नाही.

माझ्या बोलण्याचा अर्थ आख्यायिका सांगूच नका असा कुणी घेऊ नये. आख्यायिका मला प्रिय आहेत. कालिदासाची घ्या. बसलेली फांदीच तोडणारा अडाणी तरुण, विदुषी राजकन्येशी कपटाने लावलेलं त्याचं लग्न, तिने केलेला अपमान, देवीची कृपा, आणि परतल्यावर बंद दारामागून तिचा प्रश्न : "अस्ति कश्चिद् वाग्विशेषः?" त्यातला एकेक शब्द उचलून त्याने 'कुमारसंभव', 'मेघदूत' आणि 'रघुवंश' सुरू केलं. सुंदरच आहे. कालिदासाच्या आयुष्याबद्दल मात्र यातून काहीच हाती लागत नाही. पण ही गोष्ट रचणाऱ्याबद्दल लागतं की! तिन्ही काव्यांचे पहिले श्लोक ज्याच्या जिभेवर होते अशा कुणा रसिकाने ती जुळवली. म्हणजे आपल्यासमोर कालिदासाचं चरित्र नाही, त्याच्या एका जुन्या वाचकाचं प्रेम आहे. असं म्हणून सांगितलीत तर तिची गोडी दुणावते.

आणि त्याच्या शेजारी ऐहोळेचा शिलालेख ठेवा. मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने शके ५५६ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३४ मध्ये, दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवली. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख याच लेखात आहे. शेवटी रविकीर्ती स्वतःबद्दल म्हणतो की माझी कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची आहे. त्याच्या या आत्मप्रौढीमुळे आपल्याला पक्कं कळलं की ६३४ पर्यंत कालिदास इतका नावाजलेला होता की कवी त्याच्याशी स्वतःची तुलना करून मिरवत. कालिदासाचा काळ ठरवणाऱ्या सगळ्या चर्चांना ही एक भक्कम कड मिळाली. तुम्ही लाकूडतोड्या सांगता आणि रविकीर्तीला विसरता.

हे पाश्चात्य विद्यापीठांचं खूळ आहे, आपल्या परंपरेत गोष्ट अशीच सांगायची असते, असं एका व्याख्यात्याने मला ऐकवलं होतं. त्यांना आणि तसं मानणाऱ्या सगळ्यांना मी म्हाइंभटांची आठवण करून देतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमवायला घेतल्या. कसं? ज्याच्यासमोर ती लीळा घडली त्याला जाऊन गाठायचं. गावोगाव हिंडायचं, म्हाताऱ्या भक्तांना बोलतं करायचं, ऐकलेलं लिहायचं आणि मग रिद्धपूरला नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घ्यायचं. 'लीळाचरित्र' असं उभं राहिलं. मराठीतल्या अगदी पहिल्या गद्य ग्रंथांपैकी एक, आणि त्याचा पायाच प्रत्यक्ष साक्षीदारावर.

पुढे धामधुमीच्या काळात मूळ प्रत हरवली. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढावी लागली आणि अर्थातच माणसागणिक पाठात फरक पडला. महानुभावांनी तो फरक पुसला नाही. अमक्याच्या पाठात असं आहे, तमक्याच्या पाठात तसं आहे, अशी नोंद त्यांनी पोथीतच केली. या पाठभेदांना ते 'वासना' म्हणतात. ज्या पुरुषाला ते साक्षात परमेश्वर मानत होते, त्याच्या तोंडच्या एका वाक्याबाबतही "हे असं, किंवा असं" लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या माणसांकडे होता. सातशे वर्षांपूर्वी, जीव मुठीत धरून राहावं लागत होतं तेव्हा! आपल्याला एका माइकसमोर बसून तेवढं साधू नये?

आता अशोक, कारण तुमच्यातल्या जवळपास प्रत्येकाने तो हाताळलेला आहे. तुमची गोष्ट अशी असते : नव्व्याण्णव भावांना मारून गादीवर आलेला क्रूर चंडाशोक, कलिंगच्या रणभूमीवर प्रेतांमधून फिरताना ढसाढसा रडतो आणि बुद्धाला शरण जातो. भावांच्या हत्येचा आकडा येतो सिंहलद्वीपाच्या बौद्ध बखरींमधून. त्या अशोकानंतर कित्येक शतकांनी रचलेल्या आहेत. धर्मात आल्यावर माणूस किती पालटतो ते दाखवायचं, तर आधीचा माणूस जितका काळा रंगवावा तितकं बरं, हा त्या लेखकांचा हेतू उघड आहे. खुद्द अशोकाच्या पाचव्या शिलालेखात भावाबहिणींच्या अंतःपुरांचा उल्लेख आहे.

रणभूमीवरच्या अश्रूंचं दृश्यही त्याच्या लेखांत कुठे नाही. तिथे जे आहे ते त्याहून अंगावर येणारं आहे. तेराव्या शिलालेखात राजा स्वतः आकडे देतो : दीड लाख माणसं देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली. मग म्हणतो, मला याचा पश्चात्ताप होतो. विजयाचे शिलालेख पुष्कळांनी कोरवले. आपल्या विजयात किती माणसं मेली याची लाज दगडावर कोरून ठेवणारा राजा दुसरा दाखवा.

आणि हा लेख कुठे आहे? शाहबाजगढीला आहे, मानसेहऱ्याला आहे, कालसीला आहे, गिरनारला आहे. कलिंगात नाही. धौली आणि जौगड इथे, म्हणजे ज्या भूमीत ही कत्तल झाली तिथे, अशोकाने अकरा ते तेरा हे लेख वगळले आणि त्यांच्या जागी दुसरे दोन कोरवले. त्यात तो अधिकाऱ्यांना सांगतो की सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना विनाकारण कोंडू नका, छळू नका. का वगळलं असेल? भरत आलेल्या जखमा उकरायच्या नव्हत्या म्हणून? की जिंकलेल्या प्रजेपुढे पश्चात्ताप बोलून दाखवणं राज्यकर्त्याला परवडणारं नव्हतं म्हणून? मला स्वतःला दुसरं कारण जास्त पटतं, पण दोन्ही बाजूंनी बोलता येईल. या एका प्रश्नावर तुम्ही तासभर सभागृह खिळवून ठेवू शकता. त्याऐवजी तुम्ही अश्रू दाखवता.

या लेखांचा वाचक कसा मिळाला तेही सांगा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीला आणवले, पंडितांना बोलावलं, पण त्यावरची अक्षरं कुणाला लागेनात. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपच्या ध्यानात आलं की सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख सगळे त्याच दोन अक्षरांवर संपतात. देवळात लोक कशाबद्दल नाव कोरतात? देणगीबद्दल. मग ती अक्षरं 'दानं' असली पाहिजेत. त्या तर्कावरून लिपी उलगडत गेली. तीन वर्षांनी प्रिन्सेप वारला, वय चाळीस. लेखांतला "देवानंपिय पियदसि" म्हणजेच अशोक, हे जुळलं ते पुन्हा सिंहली बखरींच्याच आधाराने, जॉर्ज टर्नरमुळे. म्हणजे ज्या बखरींवर मी वर शंका घेतली, त्यांचा उपकारही केवढा मोठा आहे पाहा. १९१५ मध्ये मस्कीला अशोकाचं नाव स्पष्ट कोरलेला लेख सापडला आणि ओळख पक्की झाली.

साक्षीदाराची कसोटी सगळ्यात जास्त लागते ती तोतयांच्या गोष्टींत, आणि त्या तुम्हाला फार आवडतात, मलाही आवडतात. फ्रान्समधल्या आर्तिगा गावातला मार्तँ गेर १५४८ मध्ये घर सोडून गेला. १५५६ मध्ये "मी मार्तँ" म्हणत एक जण आला. बायकोने, बहिणींनी, गावाने त्याला स्वीकारलं, त्याला मुलंही झाली. मग काकाने कज्जा केला. जवळपास दीडशे माणसांच्या जबान्या झाल्या. कुणी म्हणे हाच मार्तँ, कुणी म्हणे हा आर्नो द्यु तिल, आणि बऱ्याच जणांना काहीच सांगता येईना. गावच्या चांभाराने सांगितलं की मार्तँच्या पायाचं माप मोठं होतं, याचा पाय लहान आहे. तूलूझच्या न्यायालयात अपील गेलं आणि पारडं आरोपीच्या बाजूने झुकत असतानाच, १५६० मध्ये, लाकडी पायाचा एक माणूस आत आला. खरा मार्तँ.

हे आपल्याला इतकं बारीकसारीक ठाऊक आहे, कारण त्या खटल्यातला एक न्यायाधीश, झाँ द कोरास, याने १५६१ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. तोतयाच्या स्मरणशक्तीचं आणि हुशारीचं कौतुक त्याने मोकळेपणी केलं आहे. आपण किती फसण्याच्या बेतात होतो, हे त्या पानापानांतून जाणवतं. न्यायाधीशाशिवाय ही गोष्ट सांगणं म्हणजे तिचा अर्धा जीव काढून घेणं.

याच नजरेने सदाशिवरावभाऊंच्या तोतयाकडे पाहा. १४ जानेवारी १७६१ नंतर भाऊ गेले यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता, पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही असं परंपरा सांगते. अशा दुखऱ्या जागी एक माणूस "मी भाऊ" म्हणून उभा राहिला. पेशव्यांच्या कैदेत पडला, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. तुम्ही हे सांगताना तोतयाला खलनायक करून मोकळे होता. पण त्याच्यामागे गेलेल्या हजारोंचं काय? त्याची चौकशी करणारे कोण होते, त्यांचं त्यात काय अडकलेलं होतं? भाऊ खरोखर परतले असते तर पुण्याच्या कारभाऱ्यांची सत्ता कुठे राहिली असती? तो तोतयाच होता याबद्दल मला शंका नाही. तरी ज्यांच्या कागदांवरून आपण त्याला ओळखतो ते सगळे त्याचे प्रतिपक्षी होते, हे श्रोत्याला कळायला हवं.

"दोन मिनिटांच्या व्हिडिओत हे कुठे बसवायचं?" हा प्रश्न मला अपेक्षित आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने ते एका परिच्छेदात बसवलं. त्याच्या इतिहासात लांबलचक भाषणं आहेत. ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की ही भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून मूळ आशयाच्या शक्य तितकं जवळ राहून त्या त्या वक्त्याने जे बोलायला हवं असं मला वाटलं ते मी लिहिलं. तुम्हीही संवाद रचा, जरूर रचा. "हा संवाद माझा" म्हणायला चार सेकंद लागतात.

कादंबरीकारांनी तर या साक्षीदाराच्या खेळावर अजोड काम केलं आहे. सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या आठव्या प्रकरणाच्या शेवटी दोघे तलवारी उगारून एकमेकांवर धावून जातात आणि गोष्ट तिथेच थांबते. का, तर पुढचा कागद नाही. मग निवेदक सांगतो की तोलेदोच्या बाजारात एक पोऱ्या रेशीमवाल्याला जुनी कागदपत्रं विकत होता, त्यातल्या एका वहीत अरबी अक्षरं दिसली. अरबी येणारा एक मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेला स्पॅनिश मुसलमान, गाठला. तो वाचता वाचता हसू लागला. वही सिदे हामेते बेनेंगेली नावाच्या अरब इतिहासकाराची, विषय दोन किहोते. मनुके आणि गहू मजुरी म्हणून देऊन निवेदकाने तिचं भाषांतर करून घेतलं, आणि वर वाचकाला सावधही केलं की लेखक अरब आहे, तेव्हा किती विश्वास ठेवायचा ते बघा.

हे लिहिणारा सर्व्हांतेस लेपांतोच्या लढाईत १५७१ मध्ये डाव्या हातातली शक्ती गमावून बसला होता, नंतर पाच वर्षं अल्जिअर्समध्ये बंदी होता. कोण काय सांगतो आणि कुणाच्या फायद्याचं सांगतो, हे त्याला पुरतं कळत होतं. १६१४ मध्ये दुसऱ्याच कुणी आवेयानेदा या नावाने 'दोन किहोते'चा बनावट दुसरा भाग छापला. सर्व्हांतेसने १६१५ च्या आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात काय करावं? त्याच्या नायकाला खाणावळीत ते बनावट पुस्तक भेटतं. त्यात आपण सारागोसाला गेलो असं लिहिलंय हे कळताच तो सारागोसाला जायचंच रद्द करतो आणि बार्सिलोनाची वाट धरतो. पुढे त्याला त्या बनावट पुस्तकातलं एक पात्र भेटतं, आणि दोन किहोते त्याच्याकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर रीतसर लिहून घेतो की तुमच्या पुस्तकातला तो मी नव्हे. विश्वसाहित्यातल्या या विलक्षण तोतया-प्रकरणावर मराठीत एक चांगला भाग मी अजून ऐकलेला नाही. करा ना कुणीतरी!

शेवटी सिमा छियान. चीनच्या या इतिहासकाराची शिक्षा तुम्ही सांगता, कारण ती अंगावर काटा आणते. इसवी सनापूर्वी ९९ मध्ये ली लिंग हा सेनापती शियोंग्नू या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांना शरण गेला, दरबारात सगळे त्याच्यावर तुटून पडले, सिमा छियान त्याच्या बाजूने बोलला आणि सम्राट वूची मर्जी खप्पा झाली. दंड भरून सुटायला घरी पैसा नव्हता, एकही मित्र पुढे आला नाही. मरण किंवा लिंगच्छेद. अशा वेळी खानदानी माणूस आत्महत्या करी. त्याने लिंगच्छेद पत्करला, कारण वडिलांनी सोपवलेला इतिहास अपुरा होता. हे सगळं आपल्याला कळतं ते त्याने रेन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रातून, आणि ते पत्र टिकलं ते हान घराण्याच्या पुढच्या इतिहासात उतरवून घेतल्यामुळे. तो इतिहास लिहिणारा बान गू तुरुंगात मेला आणि राहिलेलं काम त्याची बहीण बान झाओ हिने पुरं केलं. तिचं नाव तुमच्या भागात येतं का?

सिमा छियानच्या एकशे तीस प्रकरणांची एक पद्धत तुम्ही उचलावी अशी माझी विनंती आहे. हकीकत सांगून झाली की तो थांबतो आणि बहुतेक प्रकरणांच्या शेवटी "महाइतिहासकार म्हणतो" असं लिहून स्वतःचं मत वेगळं मांडतो. कवी छू युआनच्या प्रकरणात तिथेच तो सांगतो की ज्या नदीत छू युआनने जीव दिला ती जागा मी जाऊन पाहिली आणि मला रडू आलं. अश्रू आहेत, पण कुणाचे ते स्पष्ट आहे.

तुमच्या पुढच्या भागापासून एवढंच करा. हकीकत कुणाची, ती घटनेनंतर किती काळाने लिहिली गेली आणि तुमची भर कुठून सुरू होते, हे ओघात बोलून टाका. व्हिडिओखाली मूळ ग्रंथाचं नाव लिहा. आणि सभेत मागच्या रांगेतून कुणी हात वर करून "हे कशात आहे?" असं विचारलं, तर त्याला तुमचा विरोधक समजू नका. तुमची गोष्ट आवडल्याशिवाय कुणी तसं विचारत नाही. त्या रांगेत बहुधा मीच असेन.

आपला,
एक नेहमीचा श्रोता